रहांगडाले सरांचं पांढरं अस्वल

रहांगडाले सरांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. बर्फ पाहिला होता तो मासोळीच्या पेटीतला. अस्वल एकदाच पाहिलं होतं, मोहफुलांच्या दिवसांत, दरेकशाच्या जंगलात आणि पाठमोरं. म्हणजे पाठमोरे सर होते. अस्वल जागेवरच उभं होतं, असं बरोबरचे लोक सांगत.

तरीही उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या अस्वलाविषयी अधिकारवाणीने बोलणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात तेव्हा एकच होता, आणि तो आमच्या शाळेत भूगोल शिकवत होता. या विषयात स्पर्धा नव्हती हे मान्य. पण स्पर्धा असती तरी सरांनी ती जिंकली असती, कारण प्रतिस्पर्ध्याला त्यांनी बोलूच दिलं नसतं.

आमची शाळा नवेगाव बांधच्या तलावापासून सायकलच्या टप्प्यावर. मी तिथे मराठी शिकवायचो. म्हणजे माझ्या तासाला पोरं वहीत होडी काढत आणि सरांच्या तासाला अस्वल. सर अंगाने ऐसपैस, रंगाने गडद आणि कपड्याने कायम पांढरे. पहिल्याच दिवशी ते वर्गाला सांगत, "पांढऱ्या अस्वलाची कातडी काळी असते. वरचे केस तेवढे पांढरे दिसतात. आता माझ्याकडे पाहा." वर्ग पाहत असे. पुढचं काही शिकवावं लागत नसे.

चाचणीत 'ध्रुवीय अस्वलाचे वर्णन करा' या प्रश्नाला एका मुलीने लिहिलं होतं, 'ते आपल्या सरांसारखे असते, पण डबा खात नाही.' सरांनी पूर्ण गुण दिले, मग लाल शाईने अर्धा कापला. ती रडवेली होऊन विचारायला आली तेव्हा म्हणाले, "माझ्यासारखं असते हे बरोबर हाय. पण डबा खात नाही हे चूक. बर्फ नसला का ते माणसाच्या गावाजवळ येते, उकिरडा उकरते. डबा भेटला तं डबाही खाते. भूक लागली का कोणाचाच मान राहात नाही, बाई."

हे सगळं सुरू कसं झालं, याच्या दोन-तीन कथा होत्या. त्यातली मला पटणारी अशी की, मे महिन्यात गोंदियाला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, पंखा बंद होता, आणि प्रत्येकाला चिठ्ठी उचलून त्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. सरांच्या चिठ्ठीत पांढरं अस्वल निघालं. रात्रभर वाचून ते दुसऱ्या दिवशी बोलायला उभे राहिले. त्यांची ती पाच मिनिटं मी शाळेत रुजू झालो तेव्हा चालूच होती.

सकाळी शाळेत आल्यावर इतर लोक धानाची, बदल्यांची किंवा एकमेकांची चौकशी करत. सर फोन काढून आर्क्टिकचा नकाशा उघडत. समुद्रावर आज किती बर्फ आहे, याचं उपग्रहाने काढलेलं चित्र त्यावर रोज येतं. ते दोन बोटांनी मोठं करून बघत आणि चष्मा कपाळावर चढवून जाहीर करत, "गेल्या साली आजच्या दिवशी होता त्याच्याहून कमी." क्वचित "थोडा जास्त" असं असे. त्या दिवशी ते सगळ्यांना चहा पाजत. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, रोज तेच वाक्य म्हणत, "सर, बर्फ नंतर. आधी हजेरी."

बर्फ कमी झाल्याने अस्वलाचं नेमकं काय बिघडतं, हा प्रश्न आमच्या शाळेत फक्त नवा माणूस विचारायचा आणि एकदाच विचारायचा. सर सांगत की हे अस्वल पाण्यात पोहून सील पकडू शकत नाही. सील त्याच्यापेक्षा चपळ. पण सीलला श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी वर यावंच लागतं. अस्वल त्या भोकापाशी बर्फावर बसून राहतं. तासन् तास, नाकसुद्धा न हलवता. बर्फ हाच त्याचा बांध, तोच गळ आणि तोच पाट. आता बर्फ लवकर वितळतो, उशिरा धरतो. मधले दिवस लांबत चालले. तेवढे दिवस अस्वल काठावर उपाशी.

हे एकदा नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना. तेव्हा त्यांनी मासोळीच्या गाडीवरून बर्फाची अर्धी लादी आणवली, शाळेच्या हौदात सोडली आणि हौदाच्या कठड्यावर पोटावर पालथे पडले. आठवी 'ब' गोल करून उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, सर हलेनात. तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. हौदावर पसरलेले सहायक शिक्षक पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला.

"सर! काय झालं?"

"शिकार करून राहिलो, मॅडम," सर ओठ न हलवता म्हणाले. "सावली नका पाडू."

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. अशा वाक्याला काय उत्तर द्यायचं, हे कुठल्याच परिपत्रकात नसतं. हौदाच्या पाण्याला पुढे आठवडाभर मासोळीचा वास येत होता.

घरी मात्र त्यांच्या अस्वलाची डाळ शिजत नसे. पोटुशी मादी महिनोन् महिने काही न खाता राहते, हे वाचून सरांनी एका सप्टेंबरात, बर्फ सगळ्यांत कमी असतो त्या दिवसांत, उपास जाहीर केला. नंतर वहिनींनीच मला सांगितलं, "यायनं सहाले उपास धरला. साडेसातले मले इचारून राहिले, साबुदाणा चालते का? मी म्हटलं, अस्वलाले इचारा."

सरांना थाटामाटाचा राग नव्हता. त्यांना चुकांचा राग होता, आणि थाटामाटात चुका फार असतात, एवढंच. स्नेहसंमेलनाला एक मोठे पाहुणे येणार होते. विषय ठरला 'पर्यावरण'. गोंदियाहून फलक छापून आला. त्यावर पाहुण्यांचा चेहरा दारासारखा मोठा, आणि खालच्या कोपऱ्यात, सरांच्या आग्रहाखातर, बर्फावर एक पांढरं अस्वल. त्याच्या शेजारी एक पेंग्विन हसत उभा.

सरांनी छापणाऱ्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "सर, पेंग्विन हमने अपनी तरफ से डाल दिया. जगह खाली दिख रही थी."

"अरे भाऊ, अस्वल उत्तरेले, पेंग्विन दक्षिणेले! दोघांच्या मधात अख्खी पृथ्वी हाय!"

"तो क्या हुआ सर, फोटो में तो बाजू में ही है ना."

फलक बदलायला वेळ नव्हता. सरांनी स्टुलावर चढून पेंग्विनवर कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हा येथे राहत नाही.' पाहुणे दोन तास उशिरा, सात गाड्या घेऊन आले आणि इंधन वाचवण्याबद्दल बोलू लागले. मध्येच वारा सुटला. कागद उडाला आणि जाऊन पाहुण्यांच्या छापील कपाळावर चिकटला. सभेत कोणी हसलं नाही, कारण मजकूर खरा होता. ते खरोखरच आमच्याकडे राहत नव्हते, निवडणुकीपुरते येत. पण मागच्या रांगेतून बुधाजी शाहीर खो-खो करत बाहेर गेला, आणि पुढे सरांची गाठ त्याच्याशीच पडली.

बुधाजी जातीने ढिवर, म्हणजे तलावावर मासे धरणारा, आणि आमच्या गावच्या दंडारीचा म्होरक्या. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, खेळण्यांची आणि जिलबीची दुकानं लागतात आणि भर दुपारी दंडार उभी राहते. ढोलकी, टाळ, गाणं, सोंगं, बाईच्या वेशातले बाप्ये. बुधाजी या सगळ्याचा राजा. त्याची मिशी दोन्ही गालांवरून वर वळून कानांशी बोलणी करायची. ती राखायला त्याला अठरा वर्षं लागली होती, असं तो सांगे.

सरांची बर्फाची बातमी एव्हाना शाळेची वेस ओलांडून चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. तिथे एके दिवशी बुधाजी वैतागला.

"सर, रोज सकाळी आमचा चहा गार करता तुम्ही. वितळला बरफ तं वितळू द्या. अस्वलानं दुसरीकडं जा लागते."

"आमचे पूर्वज माळव्यातून इकडं आले," सर म्हणाले. ते पवार समाजाचे. "जागा बदलण्यात कमीपणा नाही, बुधाजी. पण आम्हाले पुढं जमीन होती. त्याले पुढं पाणीच हाय."

टपरीवरची सगळी तोंडं सरांकडे वळली. बुधाजीला हे सोसत नसे. लोकांची तोंडं वळवायचा हक्क आपला, असं तो मानायचा.

"ठीक हाय," तो म्हणाला. "मंडईच्या दंडारीत तुमच्या अस्वलाले जागा देतो. गावातलं एक माणूस, एकच, त्याच्यासाठी रडलं, तं मी ही मिशी उतरवतो. नाही रडलं, तं बरफाची बातमी कायमची बंद. शाळेत बंद, टपरीवर बंद."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा माणूस नोकरी पणाला लावायला सांगितली असती तर इतका घाबरला नसता. "मंजूर," ते म्हणाले आणि चहा तसाच टाकून शाळेकडे निघाले.

गाण्याचे शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बावीस ओळी लिहिल्या. बुधाजीने त्यातली एक ठेवली, तीही चाल लावताना पडली. गादीवाल्याने दोन जुन्या रजया उसवून अस्वलाचं सोंग शिवलं. सोंग अर्थातच सरांनी घ्यायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या मापाचं ते नव्हतंच. समुद्र म्हणून निळी ताडपत्री अंथरली, चारी कडा विटांनी उचलल्या, आत पाणी सोडलं. आणि बर्फाची अख्खी लादी दिली सोनाबाईने. ही मासोळी विकणारी, गावात सगळ्यांत फाटक्या तोंडाची. "उरला तं परत पायजे," एवढी अट घालून ती आपल्या लादीवर डोळा ठेवत पहिल्या रांगेत बसली.

बेत साधा होता. अस्वल लादीवर चार पायांवर उभं राहील, बुधाजी गाईल, उन्हाने लादी वितळेल, आणि शेवटी अस्वलाचे पाय पाण्याला लागतील. अर्ध्या तासाचा खेळ.

पहिली अडचण ही की, पांढरं अस्वल आलं तरी लोकांना ते काय आहे हेच कळेना. मागून कोणी मेंढा म्हणालं. दंडार पडायला लागलेली बघून बुधाजीने ढोलकी थांबवली आणि हात वर करून ओरडला, "मंडळी, हा जांबुवंत! रामाच्या सैन्यातला! वय झालं, केस पिकले!"

"जांबुवंत नाही!" रजईच्या आतून आवाज आला. "ध्रुवीय! ध्रुवीय!"

"म्हाताऱ्याची बुद्धी चळली, मंडळी. पण हाय आपलाच!"

लगेच चार बाया उठल्या, अस्वलाच्या कपाळी कुंकू लावून पाया पडून आल्या. एकीने नातू पायावर घातला. आतून "अवो बाई, अवो बाई" असं ऐकू येत राहिलं.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. लादी वितळेना. आयुष्यभर ज्या माणसाने बर्फ वितळतो म्हणून गाव हैराण केलं, त्याच्या पायाखालचा बर्फ दगडासारखा बसून राहिला. अर्धा तास झाला. बुधाजीने गाणं दुसऱ्यांदा म्हटलं, मग तिसऱ्यांदा. वरून ऊन, अंगावर दोन रजया, तळहात-तळपाय गोठलेले. सर वरून घामाने निथळत होते आणि खालून थरथरत होते. लोकांना वाटलं थरथरणं सोंगातलंच आहे, त्यांनी टाळ्या दिल्या.

आमच्या गावात माणूस अडचणीत दिसला की मदत मागावी लागत नाही, थांबवावी लागते. चहावाला उकळत्या पाण्याची किटली घेऊन धावत आला आणि लादीवर ओतली. दुसऱ्याने मिठाचा पुडा फोडला. तिसऱ्याने पहार आणली. जिलबीवाला जळतं लाकूड घेऊन निघाला होता, त्याला लोकांनी वाट करून दिली. "सरचा बरफ वितळवा रे!" अशी आरोळी उठली आणि अख्खी मंडई त्या लादीवर तुटून पडली. लहान पोरं फुंकर मारत होती.

"नका वितळवू!" आतून सर किंचाळले. "अरे नका!" मग बहुधा आणखी दोन तास असंच उभं राहावं लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं. "बरं, वितळवा! नाही, नका! अरे बापाहो, सारी दुनिया हेच तं करून राहिली!"

पहारीचा एक घाव बसला, लादी मधोमध फुटली आणि अस्वल पाण्यात आडवं झालं. ताडपत्रीची कड निसटली आणि समुद्र पहिल्या तीन रांगांत शिरला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. मोठ्या मॅडमनी तोंडात पदर कोंबलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बुधाजी ढोलकीवर डोकं ठेवून हसत होता, आणि एका हाताने मिशी कुरवाळत होता. रडणारं कोणी नव्हतं. सर हरले होते.

"थांबा गा, बह्याडहो!"

सोनाबाई उभी राहिली होती. तिचं लक्ष पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांवर होतं. लादी तिची, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता शिव्या येणार.

"माझा बरफ गेला का माल सडते," ती म्हणाली. "मी पेटी उचलतो अन् घरी जातो. सर, याचा बरफ गेला का हा कुठी उभा राहाते?"

"नाही राहात," अस्वल म्हणालं. "पोहते."

"कितीक?"

"दमेपर्यंत."

"मंग?"

सरांना उत्तर माहीत होतं. बोलायची संधी सोडलेली मी त्यांची ती एकच पाहिली. सोनाबाईने कमरेची पिशवी सोडली, मूठभर सुकी मासोळी काढली, पाण्यातून चालत गेली आणि रजईच्या तोंडात कोंबली. "खा," ती म्हणाली. सरांनी खाल्ली. ते पवार आणि शाकाहारी, पण अस्वल म्हणून त्यांचा इलाज नव्हता.

मग जे भांडण झालं ते दंडारीपेक्षा रंगलं. सरांनी मुंडकं काढलं. चेहरा ओलाचिंब.

"बुधाजी, मी रडलो. मी गावातलाच हाओ."

"घाम हाय तो!"

"आसू हायेत!"

"सोंगवाल्याचं रडणं मोजत नाही जी!"

लोकांनी जवळ जाऊन निरखलं. दोन तट पडले. शेवटी निवाडा सोनाबाईकडे गेला.

"रडून त्याचं पोट भरते का रे?" ती बुधाजीवर खेकसली. "तुम्ही रडले असते तं मासोळी कोणी देल्ली असती?"

निवाडा असा झाला की दोघे अर्धे-अर्धे हरले. सरांनी बातमी एक दिवसाआड द्यावी. बुधाजीने अर्धी मिशी उतरवावी. दोघांनीही अट पाळली. पंधरा दिवस बुधाजी डाव्या बाजूने शाहीर आणि उजव्या बाजूने कारकून दिसत होता. लोक त्याच्याशी बोलायला कुठल्या बाजूने यायचं ते आधी ठरवत. उरलेली अर्धी उतरव म्हटलं तर तो म्हणे, "ती मी जितलेली हाय."

पुढच्या वर्षीच्या मंडईत दंडारीत पांढरं अस्वल पुन्हा होतं. सोंग बुधाजीच्या पुतण्याने घेतलं होतं, आणि आता लोक त्याला जांबुवंत म्हणत नव्हते, 'बरफवाला' म्हणत. बाया घरून पिशवीत काहीबाही बांधून आणत. बुधाजीने गोष्टीत अस्वलाचं लग्नही लावलं होतं. सर पहिल्या रांगेतून "चूक! चूक! ते एकटं राहाते!" असं ओरडत होते, आणि गाव त्यांना "बसा जी खाली" म्हणत होतं.

त्या सत्राच्या शेवटी सर निवृत्त झाले आणि आमगावकडे आपल्या गावी निघाले. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. फलकावर काय छापतील याची त्यांना भीती वाटत होती. मी बस-थांब्यावर पोचलो तेव्हा ते खिडकीशी बसले होते, नेहमीसारखे पांढऱ्या कपड्यांत, बाजूच्या माणसाला अर्ध्या जागेत आवरून घेत. इंजिन सुरू होतं. सायकल टाकून बुधाजी धावत आला. मिशी पुन्हा दोन्हीकडे उगवली होती.

"सर, आज बरफ काय म्हणते?"

"आज पाळी नाही," सर म्हणाले.

"अजी सांगा ना."

पुढचं मला ऐकू आलं नाही. इंजिनचा आवाज होता. सरांनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढले, तळवे समोरासमोर धरले, चांगले हातभर अंतरावर. मग ते अंतर हळूहळू कमी करत आणलं आणि एका ठिकाणी थांबवलं. आमच्याकडचे ढिवर पकडलेला मासा असाच हातांनी दाखवतात. फरक एवढाच की दर वेळी सांगताना त्यांचे हात थोडे लांब जातात. बुधाजी जन्माचा ढिवर. त्याला ते पाहवलं नाही. बस हलली तसा तो बाजूने चालत निघाला आणि हात वर करून सरांचे तळवे एकमेकांपासून लांब ओढू लागला. सर ते जवळ आणत होते, हा लांब करत होता. दोघंही काहीतरी ओरडत होते आणि हसत होते. तलावाच्या वळणापर्यंत मला ते चार हात दिसत होते.